समुद्रसहलीची पूर्वतयारी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात ज्येष्ठ सभासदांपुढे दिलेले भाषण)



आपल्या ज्येष्ठ विभागाने येत्या हिवाळ्यात मुंबईहून गोवे व लक्षद्वीप येथवर जहाजाने जाऊन यावयाचे योजिले आहे. गतवर्षी हाच प्रवास मी सपत्नीक केला असल्यामुळे त्याच्या पूर्वतयारीविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर. नौकाशास्त्रात मला गती नाही. परंतु मुलांच्या सहली नेण्यात उभी नोकरी गेली, आणि त्यातून एक गोष्ट मनावर ठसली. सहल सुखाची होणार की कष्टाची, हे निघण्याच्या आदल्या आठवड्यात घरीच ठरून गेलेले असते. आगगाडीच्या प्रवासात विसरलेली वस्तू पुढच्या स्थानकावर मिळते, एस.टी.च्या प्रवासात गावोगावी औषधाचे दुकान असते. जहाजाने एकदा धक्का सोडला म्हणजे मात्र जे बरोबर आहे तेवढेच आपले. म्हणून हा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाही.

समुद्र आपणांस नवा आहे असेही नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांना उतरत असत. वळकटी, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांची पुरचुंडी एवढाच त्यांचा संसार असे. किनाऱ्यालगत पाणी उथळ असल्याने बोट दूर खोल पाण्यात थांबे आणि लहान होडीत उतरून बंदर गाठावे लागे. मात्र दुसरीकडे, ज्या काळात कोकणी माणूस बिनदिक्कत बोटीने जात होता, त्याच काळात विलायतेस जाऊन आलेल्या विद्वानांना अनेक ज्ञाती प्रायश्चित्त घ्यावयास लावीत होत्या. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते आणि पती बरोबर नव्हते. ज्या ज्ञातींनी एके काळी समुद्र ओलांडणारास वाळीत टाकले, त्यांच्याच संस्था आज समुद्रसहली काढीत आहेत, ही पालटलेल्या काळाची खूण आनंददायकच म्हणावी लागेल.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. माझ्या सर्व सूचनांचे सार एका वाक्यात सांगता येईल : आपली पिशवी ज्याची त्याने स्वतःच्या हातांनी भरावी. आपल्या घरांतून प्रवासाची तयारी ही गृहिणीची समजली जाते. पुरुषाने तिकीट काढावे, वेळ सांगावी आणि निघण्याच्या वेळी तयार पिशवी उचलावी. त्याचा पंचा कोठे, चष्म्याचे घर कोठे, रक्तदाबाची गोळी कोणती, हे सारे त्या माउलीस ठाऊक. घरी हे चालून जाते. जहाजावर चालत नाही.

आमच्या प्रवासात शेजारच्या खोलीत साठी उलटलेले एक जोडपे होते. यजमानांना मधुमेह व हृदयविकार. दिवसाकाठी सात गोळ्या. पहिल्याच रात्री समुद्र थोडा हलू लागला आणि बाईंना इतका त्रास झाला की त्यांना मान उचलवेना. रात्रीच्या गोळीची वेळ टळत चालली, तेव्हा हे गृहस्थ दाराशी येऊन मला विचारू लागले, "मास्तर, तांबडी गोळी रात्रीची असते की सकाळची?" पिशवी उघडून पाहावी तर औषधे पातळांच्या घड्यांखाली, आणि चिठ्ठी लिहिलेली कोठेच नाही. अखेर जहाजावरील डॉक्टरला बोलवावे लागले. प्रसंग निभावला; पण चाळीस वर्षे कचेरी चालविलेला तो कर्तृत्ववान मनुष्य त्या रात्री लहान मुलासारखा हतबुद्ध होऊन उभा होता, ते मी विसरू शकत नाही. इकडे त्या बाई अंथरुणात डोळे मिटून खुणेने सांगण्याचा प्रयत्न करीत होत्या. आजारातदेखील त्यांना विसावा नव्हता.

म्हणून औषधांपासूनच आरंभ करू. प्रत्येकाने आपल्या औषधांची यादी सुवाच्य अक्षरांत लिहावी : औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि कशासाठी. तिच्या दोन प्रती कराव्या. एक आपल्याजवळ, दुसरी सोबत्याजवळ. प्रवासाचे जितके दिवस, त्याहून निदान तीन-चार दिवसांचा अधिक साठा घ्यावा, कारण हवामानामुळे जहाजास विलंब होऊ शकतो. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्या व डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी. इन्सुलिन घेणारांनी खोलीतील लहान शीतकपाट पुरेसे थंड असते काय, याची चौकशी आधीच करावी. नसल्यास जहाजाच्या दवाखान्यात ते ठेवण्याची सोय विचारावी. जहाजावर डॉक्टर असतो, परंतु त्याची सेवा सहसा विनामूल्य नसते. आपला आरोग्यविमा समुद्रावर लागू आहे किंवा नाही, हे विमापत्र वाचून नव्हे, विमा उतरविणाऱ्यास लेखी विचारून ठरवावे.

समुद्र लागणे याची धास्ती पुष्कळांस असते. त्याचे कारण समजले की अर्धे भय जाते. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय मेंदूस सांगते की शरीर हलते आहे. डोळे मात्र खोलीच्या स्थिर भिंती पाहून सांगतात की सारे स्थिर आहे. या विसंवादातून मळमळ उत्पन्न होते. म्हणून बरे वाटेनासे झाल्यास खोलीत पडून न राहता वरच्या मजल्यावर मोकळ्या हवेत यावे आणि दूर क्षितिजरेषेकडे पाहावे. वाचन करू नये, पोट अगदी रिकामे अथवा तुडुंब ठेवू नये. आल्याचा तुकडा चघळल्याने कित्येकांना आराम पडतो. आरक्षण करतानाच जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावरील खोली मागावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. मेक्लिझिन, प्रोमेथाझिन अशी औषधे त्रास सुरू होण्यापूर्वी घेतली तरच चांगली लागू पडतात. परंतु त्यांनी गुंगी येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेट ग्रंथीची वाढ असणारांस ती अपायकारक ठरू शकतात. तेव्हा शेजाऱ्याने दिली म्हणून गोळी घेऊ नये. आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आपल्या सहलीची नोंदवही मी चाळली. बहुतेक ठिकाणी पुरुषाचे पूर्ण नाव लिहिलेले असून त्यापुढे केवळ 'व सौ.' एवढीच नोंद आहे. भगिनींनो, 'व सौ.' या नावाने जहाजावर कोणासही चढू देत नाहीत! तिकिटावरील नाव ओळखपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची चाल असल्याने एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर घरचे लाडके नाव, असा गोंधळ घरोघरी आहे. तो आजच तपासावा. आधारपत्र किंवा अन्य सरकारी ओळखपत्र मूळ स्वरूपात न्यावे. लक्षद्वीपात उतरण्यासाठी बाहेरच्या भारतीय नागरिकांनाही प्रवेशपरवाना लागतो, आणि तो ऐन वेळी मिळत नाही; म्हणून त्यासाठी मागितलेली कागदपत्रे मुदतीत द्यावी. पुढेमागे श्रीलंकेसारख्या परदेशी बंदरास जाण्याचा योग आला तर पासपोर्टाची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक असावी. सर्व कागदांच्या छायाप्रती वेगळ्या पिशवीत ठेवाव्या.

आता सामान. बंदरावर मोठी पिशवी आपल्या हातून घेतात, तीवर खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधतात, तपासणी करतात, आणि ती खोलीच्या दाराशी येऊन पडेपर्यंत पुष्कळदा सायंकाळ होते. तोवर आपण आणि आपली हातपिशवी. म्हणून हातपिशवीतच औषधे, कागदपत्रे, चष्मा, श्रवणयंत्र व त्याची बॅटरी, कवळीची डबी, दूरध्वनी व त्याची तार, एक शाल आणि कपड्यांचा एक जोड असावा. मोठी पिशवी रात्रभर आली नाही तरी आपले अडू नये, ही तिची कसोटी. दंडावर किंवा पाठीवर अडकविता येईल अशीच ती घ्यावी; जिन्यावर दोन्ही हात कठड्यासाठी मोकळे राहिले पाहिजेत.

कपडे बेताचेच घ्यावे. हवा उष्ण व दमट असते म्हणून सुती कपडे उत्तम. पण भोजनगृहे व नाट्यगृह इतकी थंड ठेवलेली असतात की स्वेटर अथवा शाल लागतेच. एखाद्या संध्याकाळी नटूनथटून भोजनास जाण्याची पद्धत असते; त्यासाठी एक चांगला पोशाख पुरे. दागिने घरी ठेवावे. ओल्या लाकडी मजल्यावर न घसरणाऱ्या तळव्याची पादत्राणे घ्यावी; गुळगुळीत झालेल्या चपलांनी जहाजावर पाय मोडून घेतल्याची उदाहरणे थोडी नाहीत. सुईदोरा, सेफ्टी पिना, दोन-तीन कापडी पिशव्या, ओले कपडे घालण्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी आणि अंगाचा साबण या साध्या वस्तू फार उपयोगी पडतात. साबणाचा उल्लेख मुद्दाम करतो. एका छताखाली अनेकजण जेवतात, तेथे जुलाब-वांतीची साथ लवकर पसरते. तिला कारण होणाऱ्या नोरोव्हायरस नावाच्या विषाणूवर हाताला चोळावयाचे मद्यार्कयुक्त द्रव्य फारसे चालत नाही. साबण व वाहते पाणी हाच खरा उपाय. जहाजावरील विजेची छिद्रे कित्येकदा आपल्या धर्तीची नसतात, म्हणून जुळविणारा एक लहान प्लग घ्यावा.

काय नेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. समुद्रावर जहाजाचा पहिला शत्रू अग्नी. त्यामुळे इस्त्री, पाणी उकळण्याचे विजेचे भांडे, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन यांस मज्जाव असतो. नित्यपूजेचा नेम असणारांनी मानसपूजा करावी. शास्त्रास ती मान्य आहे. सुरी, कात्री यांप्रमाणेच पानाच्या चंचीतला अडकित्ताही तपासणीत काढून घेतात. सुपारी घरूनच कातरून न्यावी! घरचे शिजविलेले अन्न बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. पथ्याचे, उपवासाचे किंवा कांदा-लसूण वर्ज्य असलेले भोजन हवे असल्यास तसे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे.

जहाजावर खरेदीसाठी बहुधा रोख पैसा चालत नाही; खोलीच्या किल्लीचे जे कार्ड मिळते त्यावरच खर्च मांडला जातो आणि शेवटी हिशेब होतो. भाड्यात काय अंतर्भूत आहे व काय नाही, सेवाशुल्क वेगळे आहे काय, हे निघण्यापूर्वी वाचून घ्यावे आणि रोजच्या रोज खर्च वहीत टिपावा. बेटावर मात्र थोडी रोकड जवळ असावी. किनारा दूर गेला म्हणजे दूरध्वनी जहाजाच्या स्वतंत्र यंत्रणेशी आपोआप जोडला जाऊन भरमसाट आकारणी होऊ शकते. म्हणून तो विमानप्रवासाच्या स्थितीत ठेवावा, आणि मुलाबाळांना आधीच सांगावे की दोन दिवस आवाज ऐकू आला नाही तर घाबरू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जहाज निघण्याच्या सुमारास सर्व प्रवाशांना संकटकाळच्या कवायतीचे शिक्षण देतात. पुष्कळजण त्या वेळी चहापान किंवा छायाचित्रे यांत दंग असतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलिओ बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रचंड प्रवासी जहाज खडकावर आपटले आणि ३२ माणसे प्राणांस मुकली. त्याच सायंकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांच्या आत घेतली तरी चालत असे. या दुर्घटनेनंतर नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. आपल्या किनाऱ्याचीही एक कटू आठवण आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. रायगडच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांत ती आठवण अद्याप काढली जाते. हे भय घालण्यासाठी सांगत नाही. आजची जहाजे पुष्कळ सुरक्षित आहेत. परंतु ती सुरक्षितता प्रवाशाने आपला वाटा उचलला तरच पुरी होते.

हा वाटा कोणता? सात लहान व एक दीर्घ भोंगा म्हणजे संकटाची सूचना, हे ध्यानात ठेवावे. आपल्या कार्डावर लिहिलेले एकत्र जमण्याचे ठिकाण पहिल्याच दिवशी पायांनी चालून, जिन्याने जाऊन पाहून यावे, कारण संकटात उद्वाहक वापरावयाचा नसतो. प्राणरक्षक जाकीट कोठे आहे व कसे बांधावयाचे, हे शिकून घ्यावे. आणि हे शिक्षण पतीने पत्नीच्या वतीने अथवा पत्नीने पतीच्या वतीने घेऊन भागत नाही. भोंगा वाजेल तेव्हा एक वरच्या मजल्यावर आणि दुसरा खोलीत असू शकेल. ज्याची त्याने पिशवी भरावी, असे मी म्हणतो, त्यातील मर्म हेच आहे.

लक्षद्वीपाविषयी थोडेसे. ही बेटे प्रवाळांची; त्यांच्याभोवतीचे सरोवर उथळ असल्याने मोठे जहाज दूर उभे राहते आणि आपणांस लहान बोटीने जावे लागते. आपल्या आजोबा-आजींनी मालवणास जे केले, तेच आपणांस करावयाचे आहे! जहाजावरून बोटीत पाऊल टाकताना दोन्ही हात रिकामे असावे, खलाशाने हात देताच त्याचा हात मनगटाजवळ घट्ट धरावा आणि तो सांगेल त्याच क्षणी पाऊल टाकावे. पायात घोळणारे पातळ येथे धोक्याचे. भगिनींनी त्या दिवशी आखूड किंवा आटोपशीर पोशाख करावा. गुडघे फार दुखणारांनी संकोच न करता जहाजावरच राहावे. तेथूनही निळ्या पाण्याची शोभा दिसते. समुद्र खवळला तर बेटावर उतरणे रद्दही होते, त्याचा विषाद मानू नये. प्रवाळाचे खडे पायास कापतात, म्हणून पाण्यातही पादत्राण हवे. बेटावरील लोक बहुतांशी मुसलमान असून त्यांच्या चालीरीतींचा मान राखणारा पोशाख ठेवावा. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे नातवंडांसाठी भेटी गोळा करणारांनी विशेष लक्षात घ्यावे.

परतीच्या आदल्या रात्री मोठी पिशवी दाराबाहेर ठेवण्यास सांगतात आणि ती मुंबईस धक्क्यावरच परत मिळते. त्या रात्री उत्साहाने सर्वच कपडे बांधून बाहेर ठेवणारे आणि सकाळी रात्रीच्याच वेषात उतरण्याची पाळी आलेले सज्जन प्रत्येक प्रवासात एक-दोन असतातच, असे जहाजावरील सेवक हसत हसत सांगत होते. सकाळचे कपडे, चपला आणि औषधे हातपिशवीत राखून ठेवावी.

शेवटी संस्थेस एक विनंती. नोंदवहीत जोडप्यांची नावे आहेत, एकट्या राहणाऱ्या भगिनींचे नाव एकही नाही. कारण विचारता असे समजले की खोली दोघांची असते आणि एकट्याने घेतल्यास पुष्कळ जादा भाडे पडते. शिवाय 'बरोबर कोण?' हा प्रश्न आहेच. ज्या बायांनी आयुष्यभर इतरांच्या पिशव्या भरल्या, त्यांनी आता धक्क्यावर उभे राहून हात हलवावे, हे मला उचित वाटत नाही. दोन भगिनींनी मिळून एक खोली घ्यावी, अशी जोडणी संस्थेने करून द्यावी. भाड्याचा प्रश्न तेथेच सुटतो. बरोबर कोण, याचे उत्तर देण्यासाठीच तर ज्ञातिसंस्था असते. नोंदणीची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. त्या दृष्टीने चिटणीसांनी नोंदवहीचे नवे पान आखावे, त्यात प्रत्येकाचे स्वतंत्र पूर्ण नाव, औषधांची यादी आणि घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक असे रकाने ठेवावे, आणि 'व सौ.' हा रकाना कायमचा काढून टाकावा.